डावीकडे पडलेली कड

कड

हॅट म्हातारी होते ती कडेपासून. माथा तग धरतो, फीत तग धरते, आतली चामड्याची पट्टी घाम पिऊन काळीठिक्कर पडते तरी हूं की चूं करत नाही. कड मात्र आधी मान टाकते.

इस्त्रीताईच्या नवऱ्याच्या हॅटची कड डावीकडे पडली होती. त्याच्या डावीकडे. याआधीच्या हॅटचीही तिथंच पडली होती, आणि तिच्याआधीच्या हॅटचीही. सगळ्या फुटपाथवरून घेतलेल्या, दिसायला फेल्टच्या, पहिले चार दिवस अंगात वारं भरल्यासारख्या ताठ आणि मग भिजलेल्या पुठ्ठ्यासारख्या. नवरा पाण्याचे मीटर वाचायचा. गल्लीबोळांतून फिरायचं, उजव्या हातातल्या आकडीनं लोखंडी झाकण उचलायचं, वाकून आकडा बघायचा, झाकण लावायचं. दारातून कुणी डोकावलं की डाव्या हातानं हॅट किंचित उचलायची. दिवसभर तेच. मग हॅट डाव्या कानावर कलंडणार नाही तर काय करणार?

लोक त्याला मीटरवाला म्हणत. बायको 'अहो' म्हणायची. तो तिला 'सरकार' म्हणायचा, कारण घरात हुकूम तिचा, असं त्याचं म्हणणं. तिचं म्हणणं, हुकूम माझा आणि कारभार तुमच्या बहिणीचा.

आता कडेची खरी गोष्ट. ती इस्त्रीताईशिवाय कुणालाच माहीत नव्हती.

इस्त्रीताईला चेहरे दिसत नव्हते.

आंधळी नव्हती ती. रस्ता दिसायचा, भिंती दिसायच्या, खिडकीचा उजेडाचा चौकोन दिसायचा. पण जिकडे नजर लावावी त्याच्या बरोब्बर मधोमध वाफ. लाँड्रीतल्या आरशावर इस्त्रीची वाफ बसते ना, तशी. माणसाकडे बघितलं की चेहऱ्याच्या जागी वाफ आणि वाफेभोवती बाकीचा माणूस: खांदे, बाह्या, हॅट. हळूहळू आलं होतं हे. आधी सुईत दोरा जाईना, मग बसवरची पाटी वाचता येईना, मग एक दिवस समोर बसून चहा पिणारा नवरा नाकाडोळ्यांविना हसला.

लाँड्रीत तिनं निभावून नेलं होतं. कपडा तिला बोटांनी कळायचा. कॉलरची शिवण अंगठ्याला कळायची, डाग नाकाला कळायचा. गिऱ्हाईक खोकण्यावरून आणि बुटांच्या आवाजावरून. चिठ्ठ्या मालकीण वाचायची. राहता राहिली संध्याकाळ. संध्याकाळी नवरा फेरी संपवून चौकातल्या कारंज्यापाशी उभा राहायचा, ती लाँड्रीतून निघून त्याच्याकडे जायची, मग दोघं घरी. त्या वेळी चौक ऑफिसं सुटलेल्या माणसांनी भरलेला असायचा, आणि त्या गावात हॅट म्हणजे चपलेसारखी. तिच्याविना कुणी दाराबाहेर पडत नसे. हॅटांचा नुसता समुद्र. त्यात एकच कड डावीकडे पडलेली.

ती दिसली की इस्त्रीताई सरळ चालत जायची. कुणाला काय कळणार?


अस्तर

(हे आतलं आहे. वरून दिसत नाही.)

नवऱ्याची आई शेवटची कितीतरी वर्षं आंधळी होती. लेकानं तिला हात धरून फिरवलं. मोरीत, बाकावर, दवाखान्यात, जिन्यावरून खाली, जिन्यावरून वर. कधी कंटाळला नाही, म्हणजे कंटाळलेला दिसला नाही. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी खिडकीशी उभा राहून तो म्हणाला, "हात मोकळे झाले."

वाईट मनानं नाही म्हणाला. पण इस्त्रीताईनं ऐकलं, आणि आतल्या पट्टीखाली खोचून ठेवावं तसं ठेवून दिलं. पुढं स्वतःच्या डोळ्यांपुढं वाफ धरायला लागली तेव्हा तिला पहिल्यांदा तेच आठवलं. मोकळ्या झालेल्या हातांना पुन्हा कामाला लावायचं नाही. होईल तितके दिवस नाहीच.


रंग

मग हॅट गळली.

पाऊस कसला, नुसता शिडकावा. मीटरवाला कुणाच्या तरी दारात झाकण उचलून वाकला होता. घरातली बाई बाहेर आली, त्यानं हॅट उचलली, आणि बाई किंचाळली. काळे ओघळ कपाळावरून नाकावर, नाकावरून मिशीत.

"भाऊ," बाई म्हणाली, "तुमचं डोकं गळतंय."

तिनं टॉवेल दिला. टॉवेल काळा झाला. तो इस्त्रीताईच्याच लाँड्रीत आला, ही गोष्ट वेगळी.

घरी चहाच्या वेळी त्यानं हे सांगितलं तेव्हा वन्सं, म्हणजे त्याची थोरली बहीण, खालच्या मजल्यावरून खास ऐकायला वर आल्या होत्या. त्या पोट धरधरून हसल्या आणि मग एकदम गंभीर झाल्या.

"बास झालं आता. दर वर्षी एक चिंधी डोक्यावर घेतोस. एकदाच चांगली घे की मेल्या."

"तेच म्हणतोय मी, ताई. लग्नाकार्याला घालायची नाही, रोज घालायचीय. मग रोजचीच चांगली नको? खऱ्या फेल्टची घेतो. वळणावर तो जुना हॅटवाला आहे ना, त्याच्याकडून."

"कशाला?" इस्त्रीताई म्हणाली.

दोघांनीही तिच्याकडे बघितलं असावं. दोन वाफा तिच्याकडे वळल्या.

"म्हणजे काय, कशाला?"

"जुनीला काय झालंय? जो काय रंग गळायचा तो गळला. आता निर्धास्त."

"अगं, वळचणीच्या कावळ्यासारखा दिसतो तो!"

"मला आवडतो कावळा."

वन्संनी हातातला कप खाली ठेवला. "बघ रे. बायको कशी लाडात आलीय. यात काहीतरी काळंबेरं आहे."

काळंबेरं होतंच. पण ते असं वरवर शोधून सापडणारं नव्हतं.


ठोकळा

हॅटवाल्याच्या दुकानात भिंतभर लाकडी ठोकळे होते, डोक्यांच्या आकाराचे. काउंटरवर मात्र चांगली कोरलेली लाकडी मुंडकी, नाक-मान असलेली, प्रत्येकावर एक हॅट. वाफेचा वास, ओल्या केसांचा वास. इस्त्रीताईला दुकान आवडलं, आणि आवडलं म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

हॅटवाला बुटका, बोलका माणूस. त्यानं मीटरवाल्याची जुनी हॅट दोन बोटांनी उचलली, मेलेला उंदीर उचलावा तशी.

"ही काय आहे?"

"हॅट," मीटरवाला म्हणाला.

"हं. तुम्ही म्हणता म्हणून." त्यानं ती बाजूला ठेवली. "ही साधी लोकर, तीही गोंदानं ताठ केलेली. पाणी लागलं की गोंद गेला आणि राहिलं घोंगडं. हे बघा, हे सशाच्या केसांचं फेल्ट. हात लावा. नाही, असा नाही, हळू. मांजराला लावतात तसा."

मीटरवाल्यानं हात लावला. "आई गं," तो पुटपुटला.

"या हॅटला म्हणतात फेडोरा. माथ्याला मधे घडी, पुढं दोन चिमटे, म्हणजे बोटांनी चिमटल्यासारखे खळगे, कड सगळीकडून सारखी. पावसात घाला, उन्हात घाला. फक्त उचलताना चिमट्याला धरायची नाही आणि टेबलावर कडेवर ठेवायची नाही, उलटी ठेवायची. हिला वाफेवर जी ठेवण दिली ती ही विसरत नाही. माणसं विसरतात, फेल्ट विसरत नाही."

"आणि कड?" इस्त्रीताईनं विचारलं. "कड कधी पडायला लागते?"

"बाईसाहेब," हॅटवाला छातीवर हात ठेवून म्हणाला, "हे माझं दुकान पडेल, पण ही कड पडणार नाही."



मग मापं. हॅटवाल्यानं पट्टी डोक्याभोवती फिरवली, पुन्हा फिरवली. "साहेबांचं डोकं जरा लांबुडकं आहे."

"लहानपणी पाळण्यातून पडला होता," सोबत आलेल्या वन्सं म्हणाल्या. "मीच पाडला होता."

हॅटवाल्यानं हॅट ठोकळ्यावर ताणली, किटलीच्या वाफेवर धरली, आतून बोटं फिरवली. नवरा आरशापुढं गेला, तिथून काउंटरच्या टोकाला गेला, परत फिरला. इस्त्रीताई त्याच्या बुटांच्या आवाजाच्या मागावर होती, तेवढ्यात बाहेरून हातगाडी खडखडत गेली आणि माग सुटला.

"काय सरकार? बोला."

आवाज कुठून आला? समोर एक राखाडी हॅट, सरळ कडेची, खाली वाफ. उंचीही जमत होती. ती दोन पावलं पुढं झाली आणि मनापासून म्हणाली, "तसे बरे दिसताय. पण मान इतकी ताठ कशाला धरलीय? अवघडेल."



आणि मग तिच्या पाठीमागून वन्सं अशा काही हसल्या की ठोकळे हलले. इस्त्रीताईनं हात पुढं केला. बोटांना थंड, गुळगुळीत लाकडी नाक लागलं.

तिनं ते नाक चिमटीत धरलं. सोडलं नाही.

"यांच्याशीच बोलतेय मी," ती म्हणाली. "घरच्यांना काही सांगून उपयोग नाही. हे निदान ऐकून घेतात."

आता हॅटवालाही हसला. नवराही हसला, सगळ्यात मोठ्यानं. इस्त्रीताई हसली आणि तिच्या पाठीवरून घामाचा ओघळ थेट खाली गेला.

हॅट घेतली. राखाडी, काळ्या फितीची. जुनी हॅट पिशवीतून घरी आली आणि वन्संनी तिच्यात कपडे वाळत घालायचे चिमटे भरून ती गॅलरीत खिळ्याला लावली.


चौक, पहिल्यांदा

कड.
कड. सरळ.
सरळ. बाईची टोपी, फुलांची. नको.
सरळ.
एक मुलगी डोक्यावर वर्तमानपत्र धरून. नको.
सरळ, सरळ, सरळ, एकामागून एक, बस सुटली असेल.
राखाडी! सरळ. राखाडी! सरळ. ऑफिसच्या माणसांना राखाडीशिवाय रंग माहीत नाही काय?
कारंज्याच्या पाण्याचा आवाज.
कारंज्याच्या पाण्याचा आवाज.
कुणीतरी खोकलं. नाही, तो असा नाही खोकत.

ती उभीच राहिली. पर्स पोटाशी धरून, जणू कशाचा तरी विचार करतेय. माणसं दोन्ही बाजूंनी वाहत गेली. चौक रिकामा व्हायला लागला तेव्हा एक राखाडी हॅट तिच्यापाशी आली आणि नवऱ्याच्या आवाजात म्हणाली,

"झालं समाधान?"

"कसलं?"

"मी इथं, हा, एवढ्या अंतरावर उभा. हात हलवला. तू बघितलंस, आणि तोंड फिरवलंस."

इस्त्रीताईच्या डोक्यात खूप काही एकदम धावलं. त्यातलं एकच तोंडातून बाहेर आलं.

"हो. फिरवलं."

"हॅटसाठी?"

"हॅटसाठी."

 मग दोघं घरी गेली, आणि वाटेत तिला सारखं वाटत राहिलं, भांडण किती सोयीचं असतं. भांडणाच्या आड काहीही लपतं. अख्खा माणूस लपतो.


फीत

(शोभेची. या भागात काही घडत नाही.)

सकाळी नवरा हॅटवरून मऊ ब्रश फिरवायचा. फेल्टच्या केसांच्या दिशेनं, हॅटवाल्यानं सांगितल्याप्रमाणं. फिरवताना शीळ घालायचा. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या अंगावर एक अशी वस्तू होती की जी त्याच्यापेक्षा बरी होती. मीटर वाचायला गेला की लोक दारातून म्हणायचे, "वा!" एका म्हाताऱ्यानं म्हणे त्याला घरात बोलावून आपल्या तरुणपणच्या हॅटबद्दल एवढं सांगितलं की मीटर बघायचं राहूनच गेलं.

इस्त्रीताई शीळ ऐकायची आणि गप्प राहायची. तिचा रुसवा आता घरभर पसरला होता आणि आवरायला कुणी नव्हतं.


चौक, पुन्हा

एक दिवस तिनं ठरवलं, पुरे. जायचं, सरळ जायचं. तो कारंज्याच्या डाव्या अंगाला उभा असतो, कधीच जागा बदलत नाही. तिथली राखाडी हॅट म्हणजे तोच.

गेली. दंडाला हात घातला.

"चला. दूध संपलंय, घेऊनच जाऊ."

"कुठलं दूध?" परका आवाज म्हणाला. घाबरलेला, पण सभ्य. "मला... मला दूध चालत नाही हो."

तिनं हात असा काढला जसा तापलेल्या इस्त्रीवरून काढतात.

नवरा त्या माणसाच्या दुसऱ्या बाजूला होता. अगदी जवळ. त्यानं सगळं बघितलं होतं, आणि बघितलेलं सगळं उलटं लावलं होतं.

"मुद्दाम!" तो घरी वन्संपुढं म्हणाला.  "माझ्या नाकासमोर भलत्याच माणसाला 'चला' म्हणते! दूध घेऊ म्हणते! म्हणजे मी नको पण कुणीही चालेल?"

"अगं, हे तू केलंस?" वन्सं म्हणाल्या.

"केलं."

"का?"

"गंमत."

वन्सं या वेळी हसल्या नाहीत, जे त्यांना शोभत नव्हतं. मग उठताना म्हणाल्या, "हॅटवर इतका जीव जाळणारी बाई मी बघितली नाही. आणि मी बऱ्याच बघितल्यात."

त्यानंतर नवऱ्याची शीळ बंद झाली. हॅट तो ब्रश न फिरवताच घालू लागला. एकदा तर ती टेबलावर कडेवर ठेवली, जशी ठेवायची नसते. इस्त्रीताईनं न बोलता उचलली आणि उलटी ठेवली. बोटांखाली ते फेल्ट मऊ आणि जिवंत लागलं, आणि तिला वाटलं, आपण या माणसाची एक चांगली वस्तू नासवतो आहोत. आपल्या डोळ्यांपायी.

आणि त्याच क्षणी, हॅट हातात असतानाच, तिला सुचलं. सुचलं म्हणजे काय, हातांनाच सुचलं. हात तिच्याआधी विचार करायचे.


वाफ

"आज हॅट द्या इकडं," सकाळी ती म्हणाली. "लाँड्रीत वाफ देऊन आणते. धूळ बसलीय."

नवरा चहाचा घोट घेता घेता थांबला. "तू? हिला?"

"मग काय झालं? रोज साऱ्या गावाचे कोट निगुतीनं करते."

तह झाला असं त्याला वाटलं असावं, कारण तो लगबगीनं गॅलरीत गेला, जुन्या हॅटमधले चिमटे खिडकीत ओतले आणि ती डोक्यावर घालून कामाला निघाला. पायऱ्या उतरताना शीळ. बारीकशी, अर्धी.

तो दाराबाहेर पडायच्या आधीच इस्त्रीताईनं त्याच्या डोक्यावरची ती जुनी कड नीट केल्यासारखं करून बोटांनी वाचून घेतली होती. कुठून वळते, कुठं खाली येते, कानाच्या किती पुढं थांबते. पोळलेली, जाडी झालेली बोटं, पण कापडाची गोष्ट ती एकदा ऐकली की विसरत नसत.

दुपारी मालकीण जेवायला गेली तेव्हा तिनं इस्त्री उभी धरून वाफ सोडली. फेल्ट ओलसर झालं, गरम झालं. तिनं कड खाली दाबली, सोडली. कड सरळ. पुन्हा वाफ, पुन्हा दाबली. पुन्हा सरळ. हॅटवाला खोटं बोलत नव्हता, त्याचं दुकान खरोखरच आधी पडलं असतं. मग तिनं बाही इस्त्री करायची गोल लाकडी पाटी घेतली, कड तिच्यावर वळवली, वाफ भरपूर दिली आणि इस्त्री बाजूला ठेवून नुसता तळहात ठेवला. चटका बसला. ठेवूनच दिला. फेल्ट निवेपर्यंत हात हलवला नाही, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा.

हात उचलला. कड खालीच होती.

"अगं बाई!" मालकीण दारात उभी होती. "कुणाची ही? एवढी महागाची हॅट वाकडी करून ठेवलीस की!"

"घरची आहे," इस्त्रीताई म्हणाली. "आणि आत्ताशी कुठं सरळ झालीय."


चौक

संध्याकाळी ती हॅट कागदाच्या मोठ्या पिशवीत घालून निघाली. चौकात शिरली. कड, सरळ, सरळ, सरळ, आणि मग लांबून, कारंज्याच्या पलीकडून, डावीकडे पडलेली कड.

तिच्या मनात काहीच आलं नाही. पायच निघाले. बऱ्याच दिवसांनी ते असे निघाले होते, न चाचपडता, माणसांच्या मधून वाट काढत, एका बाईला "सरका हो जरा" म्हणत. सरळ त्याच्यापुढं जाऊन थांबली.

"चला," ती म्हणाली.

नवरा हलला नाही.

तेव्हा तिच्या ध्यानात आलं. पिशवी तिच्या हातात होती. म्हणजे नवी हॅट इथं, आणि त्याच्या डोक्यावर ती जुनी. तिनं तीच बघितली होती. तीच लांबून ओळखली होती. आणि तो तिला लांबून येताना बघत होता.

"बघू," नवरा हळूच म्हणाला आणि पिशवी घेतली. कागद चुरचुरला.  तो कड चाचपत असावा.

ओरडेल, तिला वाटलं. ओरडू दे. भांडण सोयीचं असतं.

तो ओरडला नाही. जुनी हॅट त्यानं पिशवीत घातली, नवी डोक्यावर चढवली. "थांब हं इथंच," म्हणाला आणि गर्दीत शिरला. बुटांचा आवाज गर्दीत विरला. ती उभी. कारंज्याच्या पाण्याचा आवाज. तो आपली परीक्षा घेतोय हे तिला कळलं होतं, आणि इथून निघून जावं असंही वाटलं होतं. पण तेवढ्यात चौकाच्या पार दुसऱ्या टोकाला, सरळ कडांच्या रांगेत, एक राखाडी कड डावीकडे कललेली दिसली.

ती गेली. हळू गेली, पण सरळ गेली.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"झाले बरेच दिवस."

"काहीच दिसत नाही?"

"सगळं दिसतं. मधलं नाही."

"माझा चेहरा?"

"तो काय, पाठ आहे मला."

तो हसला नाही. "ते दूध. ते लाकडी नाक. मी आपला... आणि तू सांगितलं का नाहीस गं?"

आता लपायला भांडणही उरलं नव्हतं. "तुम्ही म्हणाला होता," ती म्हणाली. "आई गेल्या तेव्हा. हात मोकळे झाले म्हणून. मला ते पुन्हा भरायचे नव्हते."

बाजूनं लोक जात होते. एक सायकल घंटी वाजवत गेली. नवऱ्याचा आवाज आला तेव्हा तो थोडा खालून आला. तो कारंज्याच्या कट्ट्यावर बसला होता.

"म्हणालो होतो खरं. मला वाटलं, सुटलो. आणि दुसऱ्या दिवसापासून या डाव्या हाताचं काय करायचं तेच कळेना. आईला मी डाव्यानं धरायचो ना. तो नुसता लोंबायचा. खिशात घातला की बाहेर यायचा. मग दारात कुणी दिसलं की हॅटला लावायला लागलो. तेवढंच काम त्याला."

"मला वाटायचं तुम्ही सभ्य आहात."

"आई असेपर्यंत मी नुसती मान हलवायचो."

ती त्याच्याशेजारी बसली. कट्टा ओला होता, पण बसली.

"मी हात धरून नेणार नाही तुला," थोड्या वेळानं तो म्हणाला. "नको असेल तर."

"नको."

"डॉक्टरकडे मात्र जायचं. उद्याच."

"जिन्यात धरलं तर परत फिरेन."

"नाही धरत. चल."

दोघं निघाली. तो अर्धं पाऊल पुढं होता. चौक संपतो तिथं तो एकदम मोठ्यानं कुरकुरला, "ही पायरी बघ, मेल्यांनी कशी उंच करून ठेवलीय! उतरायची म्हणजे कसरत." इस्त्रीताई उतरली. पुढं गल्लीच्या तोंडाशी, "हं, झाकण परत उघडं! डाव्या हाताला. सकाळी मी स्वतः लावलं होतं." ती उजवीकडून गेली. मग खड्डा, त्याला शिव्या. मग कुणाची तरी सायकल आडवी, तिला शिव्या.

"तुम्ही कधीपासून इतके कुरकुरे झालात?" तिनं विचारलं.

"भारी हॅट डोक्यावर आली की माणसाला सगळं खुपायला लागतं."

वळणावर हॅटवाला दुकानाची फळी लावत होता. फळी हातातून सुटल्याचा धाड्कन आवाज झाला.

"अहो! अहो साहेब, थांबा! कड! काय केलंत हे? कुणी केलं?"

"सरकारनं."

"या आत. किटली गरमच आहे, आत्ता सरळ करून देतो. फुकट करतो, पण मला हे बघवत नाही!"

"हात लावू नका," मीटरवाला म्हणाला. "एकदा दिलेली ठेवण विसरत नाही म्हणाला होता ना? मग विसरायला लावू नका."

आणि सवयीनं त्याचा डावा हात निरोपाला वर गेला. पण कडेपर्यंत पोचला नाही. वाटेतच इस्त्रीताईच्या हातानं तो धरला होता, कोपराच्या जरा वर, आपणहून.

"दूध घ्यायचंय," ती म्हणाली. "चला."